नगरपरिषदेच्या डिजिटल ट्विनसाठी थ्रीडी-सिटी-डीबी, फ्रॉस्ट आणि सीझियम: चिपळूण समोर ठेवून केलेलं परीक्षण

डिजिटल ट्विनचं (खऱ्या शहराच्या संगणकातल्या प्रतिकृतीचं) प्रात्यक्षिक म्हटलं की पडद्यावर सगळ्यात आधी शहराचं थ्रीडी चित्र गरागरा फिरतं. छान दिसतं. पण चिपळूणसारख्या गावाचा प्रश्न वेगळा असतो: वाशिष्ठी नदीच्या पातळी मोजायच्या पट्टीवर अमुक आकडा आहे, खाडीला उधाणाची भरती आहे, वरून कोयनेचं अवजल (वीजनिर्मितीनंतर सोडलेलं पाणी) येतंय, तर बाजारपेठेतल्या कुठल्या दुकानाच्या जोत्यावर पाणी चढेल? २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन तारखा ज्या गावाने पाहिल्यात, तिथे हे न सांगणारा ट्विन नुसता शोभेचा.

हे सांगायचं तर नदीची पातळी, पाऊस, भरती-ओहोटी, धरणातला विसर्ग, जमिनीची उंची, इमारती, मिळकतकराचं रजिस्टर, भूमी अभिलेखचे नकाशे आणि वीजग्राहकांची यादी एकत्र बसवावी लागते. यातलं प्रत्येक वेगळ्या खात्याचं, वेगळ्या साच्यातलं आणि वेगळ्या सवयीचं. या कामासाठी परवान्याचे पैसे न लागणारा एक संच बराच वापरात आहे, त्याचंच हे परीक्षण. इमारती आणि रस्त्यांच्या साठवणीला थ्रीडी-सिटी-डीबी (पाचवी आवृत्ती, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि पोस्ट-जीआयएस ही त्याची नकाशांसाठीची जोड यांवर चालणारी), सेन्सरच्या नोंदींना फ्राउनहोफर संस्थेचा फ्रॉस्ट सर्व्हर, ब्राउझरमध्ये दाखवायला सीझियम-जेएस. मधली साफसफाई क्यूजीआयएस आणि जीडॅल या नकाशांच्या माहितीवर काम करणाऱ्या मुक्त साधनांमध्ये.

निकाल आधीच सांगतो. साठवण पक्की, दाखवणं उत्तम, दस्तऐवज बरे. पण वेगवेगळ्या ठिकाणची माहिती एकमेकींशी जुळवण्याचं जे खरं काम, त्यात हा संच फारशी मदत करत नाही. चुकीची माहितीही तो तितक्याच आनंदाने आत घेतो. पाचपैकी साडेतीन. कापलेला दीड गुण मुख्यतः उंची, ओळख-क्रमांक आणि वेळ या तीन गोष्टींसाठी.

उंची: कोकणात सगळ्यात महाग पडणारी चूक

अक्षांश-रेखांशाची बाजू त्या मानाने सोपी आहे. रत्नागिरी, चिपळूण, सिंधुदुर्ग हा सगळा पट्टा यूटीएम या मीटरमधल्या नकाशापद्धतीच्या ४३ उत्तर विभागात येतो; संदर्भप्रणालींच्या ईपीएसजी यादीत तिचा क्रमांक ३२६४३. थ्रीडी-सिटी-डीबीचा डॉकर कंटेनर (प्रोग्राम चालवण्याचा तयार डबा) उभा करतानाच हा क्रमांक द्यावा लागतो. नंतर बदलता येतो, पण ते सुखाचं काम नाही. जुन्या एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर) काढलेला भूपत्रक नकाशा जीपीएसच्या डब्ल्यूजीएस-८४ मापातला समजून टाकला तर घरं पलीकडच्या वाडीत जाऊन बसतात. ही चूक निदान डोळ्यांना लगेच दिसते.

उंचीची चूक दिसत नाही. कंटेनरच्या मांडणीत उंचीच्या पद्धतीसाठी एक वेगळा रकाना आहे. तिथे ३८५५, म्हणजे ईजीएम २००८ ही समुद्रपातळीवरून उंची मोजायची पद्धत, लिहिलं की बहुतेकांना वाटतं, आता सगळ्या उंच्या त्या पद्धतीत येतील. तसं काही होत नाही. तो आकडा फक्त संदर्भप्रणालीच्या नावात जोडला जातो, उंचीचं रूपांतर तो करत नाही. दस्तऐवजात हे लिहिलेलं आहे, पण ओझरतं. इतक्या महत्त्वाच्या गोष्टीला पडद्यावर एक ठळक सूचना हवी होती.

आता बाहेरून काय काय येतं ते बघा. कोपर्निकस या उपग्रह-कार्यक्रमाच्या ३० मीटर उंचीनकाशातले आकडे ईजीएम २००८ जिऑइडवरचे (जिऑइड म्हणजे सरासरी समुद्रपातळीशी जुळणारा पृष्ठभाग). एसआरटीएम या दुसऱ्या उंचीनकाशाचे ईजीएम ९६ या जुन्या जिऑइडवरचे. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरून उतरवलेल्या कार्टोडेम उंचीनकाशाचे थेट डब्ल्यूजीएस-८४ लंबगोलावरचे, म्हणजे पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारावरचे. ड्रोनच्या जीपीएसचेही लंबगोलावरचे. नगरपरिषदेच्या गटार आराखड्यातल्या पातळ्या सरासरी समुद्रपातळीपासूनच्या, आणि कधी कधी जवळच्या कल्व्हर्टवर मानलेल्या शंभर मीटरपासूनच्या. भरतीच्या तक्त्याचं शून्य तर आणखी खाली: मुंबईत अपोलो बंदराला सरासरी समुद्रपातळी त्या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर धरली जाते. दाभोळच्या मुखाजवळचा हा फरक मुंबईवरून उचलायचा नाही, तिथल्याच बंदराचा घ्यायचा.

कोकण किनाऱ्यावर जिऑइड लंबगोलाच्या खाली साठ मीटरहून जास्त आहे. म्हणजे समुद्राकाठी उभं राहून जीपीएस बघितला तर उंची उणे साठच्या पुढे दिसते आणि ते बरोबर असतं. सीझियम सगळ्या उंच्या लंबगोलावरून मोजतो. त्यामुळे समुद्रपातळीवरून मोजलेल्या उंच्यांचं शहर तसंच आत सोडलं तर अख्खी बाजारपेठ जमिनीच्या साठ-पासष्ट मीटर वर तरंगते. हे दिसल्यावर घाईघाईने एकच स्थिर आकडा वजा करून गाव खाली बसवण्याचा मोह होतो. चित्रापुरतं ते चालतं. साठवणीतले आकडे मात्र तसेच चुकीचे राहतात आणि पुढे पुराच्या हिशेबात निघतात.

एक घर घेऊन हिशेब मांडू, आकडे नमुन्याचे. ड्रोनच्या सर्व्हेत मुरादपूरच्या बाजूच्या एका कौलारू घराच्या जोत्याची लंबगोलीय उंची उणे ५८.४० मीटर आली. त्या जागी जिऑइड उणे ६५.०० धरू. वजाबाकी केली की जोतं समुद्रपातळीच्या ६.६० मीटर वर. नदीच्या पट्टीचं शून्य लेव्हलिंगने समुद्रपातळीच्या १.२० मीटर वर निघालं आणि पट्टीवर ६.१० दिसतंय, म्हणजे पाणी ७.३० वर. जोत्यावर ७० सेंटिमीटर. याच हिशेबात पट्टीचं शून्य जोडायचं राहिलं तर पाणी ६.१० धरलं जातं आणि घर कोरडं ठरतं. शिवाय पुरात पाण्याचा पृष्ठभाग सपाट नसतो. पट्टी पुलाजवळ आणि घर किलोमीटरभर आत, मध्ये शिव नदीचा फुगवटा, असं असेल तर हा हिशेबसुद्धा अंदाजच. खरं उत्तर जलगतिकीय मॉडेलमधून येतं. ते या संचात नाही, वेगळं चालवून त्याचे निकाल आत आणावे लागतात.

जिऑइडचं रूपांतर जीडॅल आणि त्याच्या आतलं संदर्भप्रणाली बदलणारं साधन प्रॉज चोख करतात, एका अटीवर: जिऑइडची जाळीची फाईल संगणकावर हवी किंवा प्रॉजला इंटरनेटवरून ती ओढायची परवानगी हवी. फाईल नसली तर बऱ्याचदा लाल अक्षरात चूक येत नाही. प्रॉज ढोबळ रूपांतर करून उंची तशीच पुढे ढकलतो. म्हणून अख्ख्या शहरावर आज्ञा चालवण्याआधी एका ज्ञात बिंदूवर करून बघायचं. साठच्या घरातला फरक पडला नाही, तर रूपांतर झालेलंच नाही. सर्वेक्षणाचा उंचीदर्शक दगड जवळ असेल तर फारच चांगलं.

दुसरी गोष्ट कोकणाची खास. फुकट मिळणारे उपग्रहाचे उंचीनकाशे जमिनीचे नसतात, वरच्या पृष्ठभागाचे असतात. माडाच्या बागेत ते शेंड्यांच्या आसपासची उंची दाखवतात. वाशिष्ठीच्या काठच्या कांदळवनाचा तर नकाशात बांधच होतो आणि मॉडेलमधलं पाणी गोवळकोटच्या बाजूने खाजणात शिरतच नाही. पानगळीच्या दिवसांत ड्रोन उडवा हा देशावरचा सल्ला इथे कामाचा नाही. माड, पोफळी, आंबा वर्षभर हिरवेच. झाडाखालची जमीन हवी असेल तर लायडार (लेझर किरणांनी केलेली उंचीची मोजणी) घ्या, नाहीतर पूरपट्ट्यात तरी टोटल स्टेशन या सर्वेक्षणाच्या यंत्राने रस्त्याच्या कडेच्या, गटाराच्या आणि जोत्याच्या पातळ्या घ्या. झाडं-घरं वजा केलेला फॅबडेम हा पर्यायी उंचीनकाशा आहे, पण त्याचा परवाना व्यापारी वापराला मनाई करतो. ठेकेदारामार्फत काम असेल तर आधी ते बघा.

घर कुणाचं, क्रमांक कुठला

इथे सॉफ्टवेअरचा दोष कमी, कागदांचा जास्त. पण संच निवडताना याचा खर्च धरला नाही तर पुढे सगळं इथेच अडतं.

एका इमारतीला गावात किमान चार ओळखी असतात: सर्व्हे नंबर आणि हिस्सा (शहर हद्दीत सिटी सर्व्हे नंबर), मिळकतकराचा क्रमांक, महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक आणि नकाशावरची आकृती. यातलं काहीही एकास एक जुळत नाही. एका हिश्श्यात तीन घरं, एका घरात दोन कर-खाती, चार वीजमीटर; सातबाऱ्यावर सामाईक नावं वीस, त्यातली पंधरा मुंबईला. म्हणून यातला कुठलाही क्रमांक इमारतीची मुख्य ओळख म्हणून वापरू नका. थ्रीडी-सिटी-डीबी प्रत्येक वस्तूला स्वतःची ओळख देऊ देते, तीच कायम ठेवा. बाकीचे क्रमांक वेगळ्या जोडतक्त्यात, अनेकास अनेक अशा नात्याने, आणि प्रत्येक जोडीसमोर ती कशी ठरली ते लिहून: नकाशावरून, नावावरून की जागेवर जाऊन.

हे क्रमांक बिघडतात ते बहुतेक एक्सेलमध्ये. हिस्सा १२/३ टाइप केला की ती १२ मार्च किंवा ३ डिसेंबर होते, संगणकाच्या मांडणीप्रमाणे. सेल मागाहून मजकूर प्रकारात बदलली तर तारखेच्या जागी पाच आकडी संख्या उरते. मूळ हिस्सा गेला तो गेलाच. बारा आकडी ग्राहक क्रमांक साध्या सेलमध्ये घातांकाच्या रूपात दिसतो आणि तसाच सीएसव्ही म्हणून जतन केला की शेवटचे आकडे कायमचे जातात. सुरुवातीला शून्य असेल तर तेही उडतं. उपाय सोपा आहे, पण शिस्तीचा: फाईल दोनदा टिचकी मारून उघडायचीच नाही, आयात करताना स्तंभ मजकूर म्हणून घ्यायचा. क्यूजीआयएसमध्ये सीएसव्ही जोडतानासुद्धा प्रकार आपोआप ओळखण्याची खूण काढून टाका.

देवनागरीचा एक बारीक काटा आहे. कऱ्हाड रस्ता, अमुकचा पऱ्या ही नावं इथे पावलोपावली येतात. यातला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो. एकात ऱ हे वेगळं अक्षर आणि हलंत. दुसऱ्यात साधा र, हलंत आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, डेटाबेसला मात्र दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण हे दोन एक करत नाही. त्यासाठी बदलाचा नियम हाताने लिहावा लागतो. जुन्या नोंदी श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये असतील तर आधी त्या युनिकोडमध्ये आणाव्या लागतात. तिथे रफार आणि पहिली वेलांटी हमखास इकडेतिकडे होतात. आकडेही कुठे १२, कुठे इंग्रजी. हिश्श्यातला अ कुठे मराठी, कुठे इंग्रजी. सगळं एका रूपात आणल्याशिवाय जोडणीला हात घालू नका.

क्षेत्रफळाने पडताळणी केली तर बऱ्याच चुकीच्या जोड्या पकडल्या जातात. तिथे गुंठा आणि आर सरमिसळ झालेले नाहीत ना, हे बघा. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट, म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे बरोबर १००. फरक सव्वा टक्क्याच्या आसपास. एका परड्याला किरकोळ, पण पडताळणीची मर्यादा एक टक्का ठेवली तर अर्धं गाव नापास.

गावनकाशा भू-संदर्भित करताना, म्हणजे खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवताना, थिन प्लेट स्प्लाइन ही नकाशा रबरासारखा ताणणारी पद्धत फार लोकप्रिय आहे, कारण तिची शिल्लक चूक शून्य दिसते. नियंत्रणबिंदूंवर ती शून्य दाखवणारच, पद्धतच तशी आहे. मधल्या जागेत नकाशा किती ताणला गेला ते ती लपवते. आधी साधं पहिल्या कोटीचं (सरळ रेषा सरळच ठेवणारं) रूपांतर करा, जुनी विहीर, देवळाचा कोपरा, पुलाचं टोक असे पंधराएक बिंदू घ्या आणि कुठला बिंदू किती चुकतो ते बघा. एकच बिंदू वीस मीटर चुकत असेल तर बहुधा तो बिंदूच चुकीचा ओळखलाय.

इमारतींच्या आकृत्यांसाठी ओपन-स्ट्रीट-मॅप आणि गूगलच्या ओपन बिल्डिंग्जचा आधार घेता येतो. बाजारपेठेत दोन्ही कामचलाऊ. वाड्यांमध्ये मात्र झाडाखालची कौलारू घरं सुटतात आणि मांगर, गोठा, लाकडाची खोप घर म्हणून येतात. गूगलच्या प्रत्येक आकृतीला विश्वासाचा आकडा असतो, तो टाकून देऊ नका. कमी आकड्याच्या आकृत्यांची वेगळी यादी करून तेवढ्याच जागेवर तपासा. उंचीसाठी कर-रजिस्टरमधले मजले गुणिले तीन मीटर हा हिशेब ठोकळ्याच्या मॉडेलला पुरतो. कौलारू घराला तो नीट लागू पडत नाही, पण पुरासाठी छपरापेक्षा जोतं महत्त्वाचं आणि जोत्याची उंची कुठल्याच रजिस्टरमध्ये नसते. तो स्तंभ स्वतः तयार करून भरावा लागतो. पूरपट्ट्यातल्या घरांपुरतं टेप घेऊन, रस्त्यापासून जोत्यापर्यंत मोजलं तरी चालतं, रस्त्याची पातळी पक्की असेल तर.

मालकांची नावं ट्विनमध्ये भरू नका. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे. पूर-नकाशाला नावाची गरज नाही, क्रमांक पुरे.

फ्रॉस्ट आणि वेळेचा घोळ

फ्रॉस्ट सर्व्हर सेन्सर-थिंग्ज या मानकावर चालतो. वस्तू, तिची जागा, सेन्सर, काय मोजतोय, नोंदींचा प्रवाह आणि प्रत्यक्ष नोंद अशी त्याची रचना. ही रचना या संचातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. पर्जन्यमापक, नदीची पट्टी, पाण्याच्या टाकीची पातळी, विसर्गाचा आकडा, सगळं एकाच भाषेत विचारता येतं. एमक्यूटीटी (सेन्सरसाठीची हलकी संदेशपद्धत) आणि एचटीटीपी (वेबची नेहमीची पद्धत) दोन्ही बाजूंनी नोंदी घेतो. डॉकरने उभा करायला वेळ लागत नाही. पहिल्यांदा डेटाबेसची रचना तयार करायची आज्ञा द्यायला विसरलात तर मात्र प्रत्येक विनंतीला चूक येत राहते.

आता दोष. मूळ मांडणीत दार उघडं असतं. वापरणाऱ्याची ओळख तपासणारा जोड चालू केला नाही तर पत्ता माहीत असलेला कुणीही नोंद टाकू किंवा पुसू शकतो. पुराचा इशारा या आकड्यांवर जाणार असेल तर हे पहिल्याच दिवशी बंद करा.

दुसरा दोष मानकातच आहे. नोंदीसोबत घटनेची वेळ पाठवली नाही तर सर्व्हर स्वतःची त्या क्षणाची वेळ लावतो. एरवी काही बिघडत नाही. पण मुसळधार पावसाच्या रात्री वीज जाते, मोबाइल टॉवर बंद पडतो, सेन्सर नोंदी स्वतःच्या स्मृतीत साठवतो आणि सकाळी नेटवर्क आलं की एकदम पाठवतो. घटनेची वेळ सेन्सरने पाठवलेली नसेल तर रात्रभराचं चढतं पाणी सकाळच्या पाच मिनिटांत उभ्या भिंतीसारखं दिसतं आणि पुराचा माथा काही तासांनी सरकतो. सेन्सर विकत घेतानाच विचारा: घड्याळ आत आहे का, बॅटरी संपल्यावर ते टिकतं का, साठवलेल्या नोंदींसोबत मूळ वेळ जाते का. विक्रेता गडबडला तर दुसरा बघा.

तीच नोंद दोनदा आली तर फ्रॉस्ट दोनदा ठेवतो. नेटवर्क अडखळलं की यंत्रं पुन्हा पाठवतात, त्यामुळे पावसाची बेरीज फुगते. प्रवाह आणि घटनेची वेळ यांची जोडी तपासून दुसरी नोंद गाळणारा छोटा प्रोग्राम मध्ये बसवावा लागतो. थ्रीडी-सिटी-डीबीची तीच तऱ्हा: तीच फाईल दुसऱ्यांदा आयात केली आणि आधीच्या वस्तूंचं काय करायचं ते सांगितलं नाही तर गाव दुप्पट होतं. एकावर एक बसलेल्या दोन सारख्या इमारती पडद्यावर कळतही नाहीत. मोजणी केल्यावरच लक्षात येतं.

पावसाच्या आकड्यांचं आणखी एक. हवामान खात्याचा दैनिक पाऊस सकाळी साडेआठला मोजलेला, मागच्या चोवीस तासांचा असतो. २२ जुलैच्या नावापुढचा आकडा म्हणजे २१ च्या सकाळी साडेआठपासून २२ च्या साडेआठपर्यंतचा. तो २२ तारखेच्या मध्यरात्रीपासून सुरू होणाऱ्या दिवसावर मांडला की पाऊस नदीच्या चढानंतर पडल्यासारखा दिसतो. फ्रॉस्टमध्ये घटनेची वेळ म्हणून एका क्षणाऐवजी कालावधी देता येतो. ही सोय फार लोक वापरत नाहीत, इथे ती नेमकी उपयोगाची. जोडीला जागतिक वेळ आणि भारतीय वेळ यांतला साडेपाच तासांचा फरक. सगळं जागतिक वेळेत साठवा, दाखवताना भारतीय करा आणि वेळेच्या शेवटी विभाग लिहिलेला नसेल तर ती नोंद आत घेऊच नका.

भरतीचा हिशेब वेगळा. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं, म्हणून रोजची भरती पन्नासएक मिनिटांनी पुढे जाते. दाभोळच्या मुखाशी भरतीची जी वेळ, तीच गोवळकोटला नसते; खाडीतून वर चढायला तिला वेळ लागतो आणि नदीला पूर असेल तर तो फरकही बदलतो. गोवळकोटच्या धक्क्यावर स्वतंत्र पातळीमापक बसवणं हा सरळ मार्ग.

आणि अवजल. कोयनेच्या वीजगृहांतून पश्चिमेला येणारं पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येतं. ते पावसावर नव्हे, वीजनिर्मितीवर अवलंबून असतं. त्यामुळे पाऊस आणि पातळी एवढ्या दोनच नोंदींच्या माळा जोडून केलेलं कुठलंही गणित चिपळुणात अधूनमधून फसतं. विसर्गाचा आकडा अनेकदा व्हॉट्सॲपच्या मजकुरात किंवा पीडीएफमध्ये येतो. तो हाताने भरायचा असला तरी फ्रॉस्टमध्ये स्वतंत्र प्रवाह म्हणूनच भरा. आणि मोजलेला, ठरवलेला, अपेक्षित यांपैकी कुठला, हे नोंदीच्या जास्तीच्या माहितीत लिहा. एकक क्युसेक (सेकंदाला घनफूट) की क्युमेक (सेकंदाला घनमीटर) हेही. एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक, म्हणजे चूक झाली तर ती लहान नसते.

सेन्सरबद्दल थोडंच. पुलाखाली अल्ट्रासोनिकपेक्षा रडार पातळीमापक घ्या. तापमान बदललं की आवाजाचा वेग बदलतो आणि पुलाखाली कोळ्यांची जाळीही असतात. खाऱ्या हवेत पितळी-लोखंडी जोड टिकत नाहीत. केबलचं तोंड खाली वळवून थेंबाला वाट ठेवा. लोरावॅनचं (कमी विजेत लांबवर नोंदी पाठवणाऱ्या रेडिओपद्धतीचं) यंत्र ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचंच घ्या, तो पट्टा इथे परवानामुक्त आहे. सौर पॅनेलचा हिशेब मे महिन्याच्या उन्हावर करू नका, जुलैवर करा.

बसवणं, खर्च आणि पर्याय

पंचावन्न हजारांच्या आसपास वस्तीच्या शहराला एक बऱ्यापैकी सर्व्हर पुरतो: १६ ते ३२ जीबी रॅम, चार-आठ कोअर, एक टीबी एसएसडी आणि बॅकअपसाठी वेगळ्या इमारतीत दुसरी डिस्क. तळमजल्यावर ठेवू नका, हे चिपळुणात सांगायची गरज नाही. थ्रीडी-सिटी-डीबीच्या पाचव्या आवृत्तीत आयात-निर्यातीचं साधन आज्ञा टाइप करून चालवायचं आहे; चौथीची खिडकी-बटणांची सोय नाही. जुनी आवृत्ती ओरॅकल डेटाबेसवर बसवलेल्यांनी उडी मारण्याआधी विचार करावा. सिटीजीएमएल आणि सिटीजेसन हे थ्रीडी शहराच्या फाईलींचे दोन्ही साचे पाचवी आवृत्ती घेते. सिटीजेसन फाईल लहान आणि वाचायला सोपी, नवं काम त्यातच करा. पडद्यावर दाखवण्यासाठीच्या थ्रीडी टाइल्स (शहराचे लहान तुकडे) बनवायला वेगळं साधन लागतं, त्यात एखादा दिवस जातो.

खरा खर्च माणसाचा. पोस्टग्रेस आणि क्यूजीआयएस येणारा एक पूर्णवेळ माणूस आणि पहिल्या वर्षी जागेवर फिरणारी दोन-तीन मुलं. हे नसेल तर संच घेऊ नका. ठेका संपला की सर्व्हर बंद पडतो. सगळं ओढूनताणून करण्यापेक्षा पूरपट्ट्यातल्या बाजारपेठ, चिंचनाका, पेठमाप, मुरादपूर एवढ्याच भागापासून सुरुवात करा. अख्ख्या शहराच्या कच्च्या ट्विनपेक्षा तेवढा पक्का जास्त कामाचा.

पैसे मोजायची तयारी असेल तर एफएमई हे माहिती जुळवण्याचं सॉफ्टवेअर वरच्या बऱ्याच कटकटी कमी करतं: स्तंभांचे प्रकार, एककं, संदर्भप्रणाली, दुहेरी नोंदी, सगळं डोळ्यांसमोर आकृती काढून बांधता येतं आणि तीच मांडणी दर महिन्याला पुन्हा चालवता येते. वार्षिक परवाना लहान नगरपरिषदेला जड आहे. जिल्ह्याने एक घेऊन सगळ्या नगरपरिषदांची माहिती त्यातून काढली तर हिशेब बसतो. उंचीच्या जाळीची फाईल नसण्याचा आणि १२/३ च्या तारखेचा प्रश्न मात्र तोही आपोआप सोडवत नाही.

सीझियमबाबत एक काळजी. सीझियम-जेएस हा मुक्त परवान्याचा प्रोग्राम वेगळा आणि सीझियम आयन ही त्याच कंपनीची ऑनलाइन साठवण सेवा वेगळी. प्रात्यक्षिकात बहुतेक आयन वापरलेलं असतं, कारण फाईल चढवली की टाइल्स तयार होऊन मिळतात. फेब्रुवारी २०२१ च्या भू-स्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार आडव्या दिशेने १ मीटर आणि उंचीत ३ मीटर यापेक्षा सूक्ष्म माहिती भारतातच साठवावी आणि हाताळावी लागते. ड्रोनने केलेला पूरपट्ट्याचा सर्व्हे त्याहून कितीतरी सूक्ष्म असतो. तेव्हा टाइल्स स्वतःच्या सर्व्हरवर तयार करून तिथूनच पुरवा. जमिनीचा थरही आयनच्या जागतिक भूरूपाऐवजी स्वतःच्या उंचीनकाशावरून बनवा. नाहीतर घरं एका उंचीवर आणि जमीन दुसऱ्या, असं होऊन जोती मातीत गाडलेली दिसतात. आणि निविदेत ‘सीझियम’ एवढंच न लिहिता यातलं नेमकं कुठलं, ते लिहा.